दिनदर्शिका छापायची आहे, बजेट जवळपास शून्य: चित्रकाराने कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

सड्यावरची

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत राहते, चित्रं काढते. पावसाळ्यात सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर) जी फुलं येतात, म्हणजे सीतेची आसवं, तेरडा, सोनकी, त्यांची बरीच चित्रं साठली आहेत. काही कागदावरची आहेत, काही थेट पेन टॅब्लेटवर काढलेली. यंदा त्यांची बारा पानी भिंतीवरची दिनदर्शिका करायची, जोडीला भेटकार्डं, आणि जमलं तर कापडी पिशव्या, असा बेत आहे. धंदा म्हणण्याइतका मोठा नाही, पण छंदही राहिलेला नाही.

हाताशी घरातला जुना लॅपटॉप आहे. विंडोज, आठ जीबी रॅम. दर महिन्याला भाडं भरायचं सॉफ्टवेअर या घडीला परवडणार नाही. ओळखीतल्या एका मुलाने "ताई, क्रॅक टाकून देतो" असं सांगितलं, त्याला चहा पाजून परत पाठवला. तर फुकट किंवा स्वस्तात काय वापरता येईल? मजकूर सगळा मराठीत आहे, तो मोडता कामा नये. आणि फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम विकलं तर चालतं का?

कुंचलेबहाद्दर

चित्रासाठी क्रिता. डोळे झाकून. केडीईच्या मंडळींचा प्रकल्प आहे, त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतो. स्टीमवर आणि विंडोजच्या स्टोअरवर तोच प्रोग्राम पैसे देऊन मिळतो, ते पैसे विकासकांना जातात. दिनदर्शिका खपली की तिथून विकत घ्या, नाहीतर देणगी द्या.

हात थरथरत असेल तर ब्रशच्या पर्यायांत स्टॅबिलायझर आहे, देठ आणि वेल काढायला फार उपयोगी. कागदावरच्या चित्रांचे स्कॅन साफ करायला मात्र गिंप बरा. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली. फिल्टर लावल्यावरही खालचं चित्र शाबूत राहतं, ही सोय येईपर्यंत लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. जुनी २.१० कोणी गळ्यात मारली तर घेऊ नका.

निळी_शाई

मी ऑफसेट प्रेसमध्ये प्लेट काढायच्या टेबलावर बसतो, त्यामुळे उलट्या टोकाकडून बोलतो. चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळण्याचा प्रश्न केव्हाच सुटलाय. अडतं ते आमच्या दारात. लोक महिना महिना खपून सुंदर चित्र करतात आणि शेवटी मोबाइलवरून जेपीजी पाठवतात. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हा विचारा: यातून बाहेर काय पडतं, आणि ते प्रेसवाल्याला उघडता येतं का?

दिनदर्शिकेसाठी माझी साखळी अशी. चित्र क्रितात, पानाची मांडणी आणि मजकूर स्क्रायबसमध्ये, आणि प्रेसला द्यायची पीडीएफ स्क्रायबसमधूनच. स्क्रायबस दिसायला रुक्ष आहे, बटणं कुठे काय ठेवलीत ते त्यांचं त्यांना माहीत. पण मूळ कोड उघडा असलेल्या फुकट सॉफ्टवेअरांत सीएमवायके रंग (छपाईच्या चार शाया: सी निळसर, एम गुलाबी, वाय पिवळी, के काळी), ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून कडेबाहेर नेलेलं जादा चित्र) आणि पीडीएफ/एक्स (छपाईसाठीची खास पीडीएफ) या तिन्ही गोष्टी एका छताखाली देणारं हेच. पीडीएफ काढण्याआधी तो स्वतःच तपासणी करतो आणि कुठे चित्राचं रिझोल्यूशन कमी आहे, कुठे मजकूर चौकटीबाहेर सांडलाय, ते दाखवतो. आवृत्ती १.६ किंवा पुढचीच घ्या. जुन्या १.४ मध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळतच नव्हती. ती सोय १.५ च्या मालिकेत आली आणि जानेवारी २०२४ च्या १.६ पासून पक्क्या आवृत्तीत आहे. इंटरनेटवर "स्क्रायबसमध्ये मराठी चालत नाही" असं जे वाचायला मिळतं ते त्या काळातलं.

आता काळ्या रंगाचं सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक नवीन माणसाची फाइल इथे अडखळते. पडद्यावरचा काळा हा आरजीबी, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाच्या हिशेबातला काळा. त्याचं सीएमवायके केलं की तो चारही शायांचा मिळून होतो. मोठ्या पट्ट्याला ते चालतं. पण तारखेखाली बारीक अक्षरात तिथी छापली आणि चार प्लेटा केसभर इकडेतिकडे झाल्या, की शिरोरेषेच्या वरून निळसर आणि खालून गुलाबी कड दिसायला लागते. इंग्रजी अक्षरात हे एक वेळ लपतं, देवनागरीत सलग आडवी रेघ असल्यामुळे लगेच डोळ्यांत भरतं. म्हणून मजकूर कायम शंभर टक्के 'के', बाकी तिन्ही शून्य. स्क्रायबसमधला 'ब्लॅक' हा मुळातच तसा आहे. बाहेरून आणलेल्या मजकुराचा काळा मात्र तपासून घ्या.

ब्लीड चारही बाजूंनी ३ मिलिमीटर. वरची पट्टी किंवा स्पायरलची भोकं येणार तिथे फूल नेऊ नका.

सड्यावरची

बापरे, हे सोन्यासारखं आहे. धन्यवाद! एक शंका: सीतेच्या आसवांचा तो निळा-जांभळा रंग पडद्यावर जसा दिसतो तसा छापून येईल का? एका ओळखीच्यांची पत्रिका पाहिली, त्यांचा जांभळा पार वांग्याच्या भरतासारखा झाला होता.

निळी_शाई

खरं सांगू? तसाच्या तसा नाही येणार. झळझळीत निळा-जांभळा आणि कोवळ्या भातशेतीचा पोपटी, हे दोन्ही चार शायांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यात ना तुमचा दोष, ना सॉफ्टवेअरचा. पैसे असतील तर पाचवी खास शाई लावता येते, पण तुमच्या संख्येला ते परवडायचं नाही.

उपाय क्रितातच आहे. 'कंट्रोल वाय' दाबा, सॉफ्ट प्रूफिंग चालू होईल आणि छापल्यावर साधारण कसं दिसेल ते पडद्यावर येईल. 'कंट्रोल शिफ्ट वाय' दाबलंत की जे रंग आवाक्याबाहेर आहेत तेवढेच ठळक होतात. प्रेसकडून त्यांचं आयसीसी प्रोफाइल (त्यांच्या मशीन-कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) मागून ते तिथे लावा. मग जांभळ्याच्या आजूबाजूची पानं थोडी मळकट, थोडी पिवळसर करा, फूल आपोआप उठून दिसेल. छापखान्यातले जुने चित्रकार हेच करायचे. चित्र आरजीबीतच रंगवा, सीएमवायके सर्वांत शेवटी.

कुंचलेबहाद्दर

+१. आणि आठ जीबी रॅमचं गणित आधीच मांडून ठेवा. ए३ पान ३०० डीपीआयला म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. रंगाची खोली आठ बिट ठेवली तर एका पूर्ण भरलेल्या लेयरला (चित्राच्या एका थराला) साधारण ७० एमबी लागतात. सोळा बिट निवडलंत की दुप्पट. पंचवीस-तीस लेयर झाले की लॅपटॉप धापा टाकणार, वर ब्राउझरही उघडा असतोच. पक्के झालेले लेयर एकत्र करत चला, आणि त्याआधी फाइलची वेगळी प्रत ठेवा.

अक्षरवेडा

फॉन्टचं कोणी बोललं नाही अजून, म्हणून माझी हजेरी.

मुंबईच्या एक टाइप मंडळींनी केलेले मुक्त आणि बलू, दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. मुक्त तारखा आणि बारीक मजकुराला, बलू बाळसेदार आहे म्हणून भेटकार्डाच्या शीर्षकाला. त्यांचाच मोदक इतका गुबगुबीत आहे की एक-दोन शब्दांपुढे वापरू नये. जुन्या छापील पुस्तकासारखा तोंडवळा हवा असेल तर 'तिरो देवनागरी मराठी' घ्या. याच्या हिंदी आणि संस्कृत अशाही आवृत्त्या आहेत, त्यामुळे उतरवताना नाव नीट बघा. फरक आहे तो ल आणि श यांच्या वळणात. हिंदी वळणाचा ल मराठी दिनदर्शिकेत आला की मला तरी जेवणात खडा लागल्यासारखं होतं. आयआयटी मुंबईचा शोभिका संस्कृत आणि जड जोडाक्षरांसाठी उत्तम.

या लायसन्सचा सोप्या भाषेत अर्थ असा: छापा, विका, पीडीएफमध्ये बसवा, पिशवीवर उमटवा, सगळं चालतं. नुसता फॉन्ट सुटा विकता येत नाही. याउलट "फ्री फॉन्ट" म्हणून फिरणाऱ्या कितीतरी फॉन्टांवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं, ते धंद्याला चालत नाहीत.

कुठल्याही नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यांदा हे टाइप करून बघायचं: वऱ्हाड, दुसऱ्या, शृंगार, लक्ष्मी, विठ्ठल, कर्त्री, हृदय. वऱ्हाडातला अर्धा र उडी मारून भलतीकडे बसला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या मागे गेली, की ओळखायचं. आणि हे काही फुकटातल्यांचंच दुखणं नाही. महागड्या अडोबीतसुद्धा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर चालू नसेल तर मराठीचा असाच बोऱ्या वाजतो.

चहाबाज_पुणेरी

माझ्या प्रेसवाल्याचं म्हणणं, "आम्हाला कोरलची फाइल द्या, आणि मजकूर श्रीलिपीत (जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत)." युनिकोड (मोबाइलवर, इंटरनेटवर चालतं ते मराठी टायपिंग) म्हटलं की चेहरा पाडतो. अशा वेळी काय करायचं?

निळी_शाई

त्याचं तरी काय चुकलं? वीस वर्षं हात त्याच कळांवर बसलाय. पानं मांडायच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची, तरी ते अजून जपून चालवणारे छापखाने आहेत. जुन्या फॉन्टांत अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असतात, म्हणून तिथला मजकूर उचलून बाहेर चिकटवला की नुसता कचरा येतो.

वादात न पडता त्याला अक्षरंच देऊ नका, आकार द्या. इंकस्केपमध्ये (रेषांची, म्हणजे वेक्टर चित्रं करायचं फुकट सॉफ्टवेअर) मजकूर निवडा, 'पाथ' मेनूत 'ऑब्जेक्ट टू पाथ'. आता ती अक्षरं नाहीत, रेषा आहेत. फॉन्ट असो नसो, कुठल्याही मशीनवर तशीच दिसणार. त्याची पीडीएफ करून द्या, कोरल ती उघडतो. मात्र पाथ करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेवाच, कारण पाथ झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही आणि प्रूफात "शुभाशिर्वाद" सापडणारच सापडणार.

इंकस्केपमधून सध्या थेट निघणारी पीडीएफ आरजीबी असते. एकरंगी पत्रिकेला काळा तेवढा प्रेसला बघून घ्यायला सांगा. रंगीत कामासाठी ती स्क्रायबसमधून फिरवून आणा.

मुक्तछंद

ॲफिनिटीचं नाव कसं नाही निघालं? कॅनव्हाने २०२४ मध्ये ती बनवणारी सेरिफ कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ अखेरीस ॲफिनिटी फुकट करून टाकली. वेक्टर, फोटो आणि पानाची मांडणी, सगळं एकाच प्रोग्राममध्ये. सीएमवायके आहे, पीडीएफ/एक्स आहे. स्क्रायबसपेक्षा शंभरपटीने देखणी. फक्त कॅनव्हाचं खातं उघडावं लागतं आणि एआयच्या करामती पैसे भरणाऱ्यांनाच मिळतात.

अक्षरवेडा

देखणी आहे, मान्य. पण जुन्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळत नसत, त्यामुळे आधी वरची शब्दांची यादी टाइप करून मगच बाकीचं. नाहीच जमलं तर इंग्रजी मजकुराच्या कामांना, किंवा अक्षरं इंकस्केपमधून पाथ करून आणलीत तर वापरायला काहीच हरकत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

यादीत आमचं वऱ्हाड पहिलं, वाचून छाती फुगली :) बाकी मला त्या ॲफिनिटीत वेगळीच खोट दिसते. आज फुकट आहे, उद्या मालकाचं मन बदललं तर? आपल्या सगळ्या फाइली त्याच्याच स्वरूपात अडकलेल्या. क्रिता, इंकस्केप, थ्रीडीचं ब्लेंडर यांचं सोर्स (मूळ कोड) उघडं आहे, आज सगळे विकासक काम सोडून गेले तरी हातातली आवृत्ती कोणी काढून घेऊ शकत नाही. ब्लेंडर तर असाच वाचलाय. मूळ कंपनी बंद पडल्यावर २००२ मध्ये लोकांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून तो सोडवून घेतला. आणि २०२५ चं ॲनिमेशनपटाचं ऑस्कर ब्लेंडरमध्ये केलेल्या सिनेमाला मिळालं.

मुक्तछंद

तत्त्व पटतं, पण ताईंना डिसेंबरआधी दिनदर्शिका विकायची आहे, चळवळ नाही चालवायची. जे चालतंय ते वापरा आणि प्रत्येक कामाची पीडीएफ आणि एसव्हीजी (वेक्टर चित्राची खुली फाइल) काढून ठेवा, झालं. मालक बदलला तरी त्या दोन्ही कुठेही उघडतील.

वऱ्हाडी_ठेचा

एसव्हीजी काढून ठेवा म्हणताय, म्हणजे माझंच म्हणणं झालं की भाऊ.

टाकेबाई

पिशव्यांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी खणाच्या ब्लाऊजवर आणि टोप्यांवर मशीनने भरतकाम करून देते. भरतकामाची फाइल करायचं सॉफ्टवेअर मशीनपेक्षा महाग पडेल अशी भीती घालतात लोक. इंकस्केपवर बसणारं इंक/स्टिच नावाचं एक्स्टेंशन आहे, पूर्ण फुकट. त्यातून जेईएफ, पीईएस, डीएसटी, जे आपलं मशीन मागेल ते निघतं. सुई कुठून कुठे जाणार ते पडद्यावर आधीच चालवून बघता येतं, त्यामुळे दोरा वाया जात नाही.

खणावर काम असेल तर एक धडा. खणाला स्वतःची विणलेली बुट्टी असते, टाके तिच्यात बुडतात. म्हणून खाली आधी विरळ अंडरले (आधाराचे टाके) घालायचा, मग वरून भरायचं. आणि कापड टाक्यांच्या दिशेने आकसतं, तर आकार थोडा फुगवून घ्यायचा, तेही त्यात आकडा टाकून होतं.

मराठी नाव भरायचं असेल तर फॉन्टचा पाथ करून त्यावरून स्वतः सॅटिनचे (जवळजवळ आडव्या टाक्यांचे) पट्टे काढते. शिरोरेषा सगळ्यांत शेवटी, एकाच अखंड पट्ट्याने. प्रत्येक अक्षराची वेगळी भरली तर कापड आकसून मध्ये फटी पडतात, आणि "सायली"ची "सा य ली" होते.

पिशव्या थोड्याच असतील तर सड्यावरची ताईंनी एक बारकंसं फूल भरून बघावं, छपाईच्या पिशवीपेक्षा भाव बरा मिळतो.

परदेशी_पाखरू

इथे आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका स्क्रायबसवर करतो. लेख येतात देश-विदेशातून, कोणी वर्डमध्ये, कोणी चक्क वहीचं पान मोबाइलवर टिपून. लेखकांना एकच सांगा: युनिकोडमध्ये टाइप करा, फॉन्ट कुठलाही असो. आणि स्क्रायबसमध्ये स्टाइल आधी बनवा, मग मजकूर ओता. शेवटच्या रात्री जाहिरातदाराने अर्धं पान वाढवलं तरी धावपळ होत नाही.

दिनदर्शिकेसाठी त्यात कॅलेंडर विझार्ड नावाची स्क्रिप्ट आहे, तारखांच्या चौकटी आपोआप पडतात. महिन्या-वारांची नावं मराठी करून घ्या. तिथी-नक्षत्रं मात्र दुसऱ्याच्या कॅलेंडरवरून उतरवू नका, पंचांगकर्त्याला रीतसर विचारा. त्यांचाही तो धंदा आहे.

चहाबाज_पुणेरी

विक्रीच्या रीलसाठी काय वापरता? दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे म्हणतात.

कुंचलेबहाद्दर

फुकट आहे आणि फुकटातलंही भरपूर देतं, पण आठ जीबीच्या लॅपटॉपवर तो रडवेल. फुलं दाखवून वर दोन ओळी लिहायला शॉटकट पुरे. आवाज साफ करायला ऑडासिटी. घाईचा पीएसडी (फोटोशॉपची फाइल) आला आणि फक्त उघडून बघायचा असेल तर फोटोपी, ब्राउझरमध्येच चालतो आणि फाइल आपल्याच मशीनवर राहते.

खर्चापाणी

धागाकर्तीचा शेवटचा प्रश्न सगळे विसरले. हो, विकता येतं. क्रिता, गिंप, इंकस्केप, स्क्रायबस, ब्लेंडर यांचं लायसन्स प्रोग्रामला लागू होतं, तुम्ही काढलेल्या चित्राला नाही. चित्र पूर्ण तुमचं. उलट जपायचं ते तयार साच्यांच्या साइटवर. कॅनव्हातला तयार चित्राचा तुकडा घालून बोधचिन्ह केलंत तर ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही, कारण तोच तुकडा दुसरे हजार जण वापरत असतात. तुम्ही स्वतः चित्र काढता, मग बोधचिन्हही स्वतःच काढा.

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट आहे. सरकारी भासणाऱ्या कित्येक साइट तिचेच पैसे घेतात, पत्ता बघून घ्या.

हिशेबाला लिब्रेऑफिस कॅल्कचा एक तक्ता बास. कागद, छपाई, बाइंडिंग, पाकीट, कुरिअर, आणि एक रकाना तुमच्या तासांचा. तो शेवटचा रकाना बायका हमखास रिकामा सोडतात, आणि मग "खप चांगला झाला पण हातात काही आलं नाही" असं म्हणतात.

टाकेबाई

बायकाच कशाला, आमच्याकडचे कारागीर बाप्येही सोडतात. बाकी सहमत.

सड्यावरची

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. वाचनखूण साठवली आहे. काल क्रितात सॉफ्ट प्रूफिंग लावून पाहिलं. बारापैकी चार चित्रांत आवाक्याबाहेरचे रंग निघाले, चारही जांभळ्या फुलांची. पानं मळकट करण्याची युक्ती एकावर करून बघितली, खरंच फरक पडतो. स्क्रायबसमध्ये वऱ्हाड, लक्ष्मी, विठ्ठल सगळे जागच्या जागी बसले. मजकूर मुक्तमध्ये, महिन्यांची नावं तिरोमध्ये घेते आहे.

इथल्या प्रेसला विचारलं तर प्रोफाइल म्हणजे काय ते त्यांना कळेना. आणि ते म्हणतात, फाइल व्हॉट्सॲपवर टाका.

निळी_शाई

प्रोफाइल नसेल तर त्यांच्याकडे छापलेली, तुमच्याच कागदावरची एखादी जुनी जांभळी-हिरवी छपाई मागून आणा आणि ती समोर ठेवून रंग ठरवा. क्रितात तोवर कोटेड कागदाचं एखादं सर्वसाधारण प्रोफाइल चालेल. पूर्ण छपाईआधी एका पानाचं प्रूफ काढून मागा, त्याचे पैसे पडले तरी द्या. मात्र डिजिटल मशीनवरचं प्रूफ आणि ऑफसेटचा रंग यांत फरक राहतो, तेव्हा जमलं तर छपाईच्या दिवशी स्वतः मशीनपाशी उभ्या राहा.

व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पीडीएफ जोडा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान होतं. त्यापेक्षा पेनड्राइव्ह घेऊन जा, आणि त्यांच्या मशीनवर उघडून बारा पानं तिथेच डोळ्यांखालून घाला.